आधी मोजूया, मग भिजूया

पाऊस लागला की कॉलेजच्या प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच प्रश्न येतो, 'रविवारी कुठं?' राऊतवाडी, बर्की, गगनबावडा, मसाई पठार, आंबोली... उत्तरंही ठरलेली. कुणीतरी गेल्या आठवड्याचं रील टाकतं, खाली 'नादखुळा', 'विषय हार्ड' अशा कमेंट पडतात आणि चार बाइकचा प्लॅन बारा बाइकचा होतो. यात काही गैर नाही. कोल्हापूरच्या पोरापोरींनी पावसात सह्याद्रीत जायचं नाही, तर कुणी जायचं? पण एक प्रश्न ग्रुपवर कधीच येत नाही. त्या रविवारी तिथं आपल्यासारखे आणखी किती जण येणार आहेत?

हा प्रश्न किती महाग पडू शकतो, ते १५ जून २०२५ रोजी मावळात दिसलं. कुंडमळ्याजवळ इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला. पावसाळी पर्यटनाला आलेली माणसं मोठ्या संख्येनं पुलावर उभी होती. चौघांचा जीव गेला, अनेक जखमी झाले. त्याआधीच्या वर्षी, ३० जून २०२४ ला, लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. दोन्ही दिवस रविवार होते.

अशा घटनेनंतर काय होतं, ते तुम्हाला पाठ आहे. दोन दिवस हळहळ, मग बंदीचे आदेश, रस्त्यावर बॅरिकेड. महिनाभरानं सगळं पूर्ववत. बंदी घालणं सोपं असतं, कारण त्यासाठी काही मोजावं लागत नाही. पुलावर एका वेळी किती माणसं चालतील, पार्किंगमध्ये किती गाड्या मावतील, जवळच्या आरोग्य केंद्राला किती लोकांची तयारी ठेवावी लागेल, हे ठरवायचं तर आधी किती माणसं येतात ते माहीत हवं.

आपल्याकडे जिथं गेट आणि तिकीट आहे, तिथं आकडा असतो. राधानगरीचंच घ्या. १९५८ साली दाजीपूरचं गवा अभयारण्य म्हणून सुरू झालेलं आणि राज्यातलं पहिलं अभयारण्य म्हणून ओळखलं जाणारं हे जंगल आज सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचं आहे. आत जायचं तर परवानगी लागते, नोंद होते, पावसाळ्यात पर्यटन बंद असतं. पण आपली गर्दी गेटच्या आत थोडीच असते? ती असते उघड्या धबधब्यावर, घाटातल्या वळणावर, पठाराच्या कडेला. तिथं गेलेल्या माणसाची नोंद होते ती फक्त इन्स्टावर.

आता जरा लांब जाऊ. अमेरिकेतलं युटा हे वाळवंटी राज्य. तिथल्या झायन नॅशनल पार्कला २०२१ साली ५० लाखांहून जास्त भेटी झाल्या. हा आकडा त्यांच्याकडे येतो कसा? प्रत्येक माणसाला कुणी मोजत बसत नाही. रस्त्यावर वाहनं मोजणारं यंत्र असतं. एका गाडीत सरासरी किती माणसं असतात, ते नमुना पाहणीतून ठरवलेलं असतं. दोन्हींचा गुणाकार करायचा. आणि आकडा हातात असला की निर्णय घेता येतात. झायनच्या मुख्य दरीत हंगामात खासगी गाड्यांना २००० सालापासून प्रवेश नाही, बसनं जायचं. त्याच राज्यातल्या आर्चेस पार्कचं गेट २०२१ मध्ये गर्दीमुळे वारंवार बंद करावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी गर्दीच्या महिन्यांसाठी आधी वेळ बुक करूनच यायची पद्धत आणली. त्यावर तिथंही वाद झाले, धंदा बुडतो अशी ओरड झाली. पण वाद झाला तो आकडे समोर ठेवून.

'अमेरिकेचं सोडा, इथं कुठं जमतंय?' असं म्हणाल, तर उत्तर साताऱ्यात आहे. कास पठार. २०१२ मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटाला जागतिक वारसा यादीत घेतलं, तेव्हा महाराष्ट्रातल्या चार जागा त्यात आल्या. कास, कोयना, चांदोली आणि आपलं राधानगरी. कासला फुलांच्या हंगामात ऑनलाइन बुकिंग आहे, शुल्क आहे आणि दिवसाला ३००० पर्यटकांची मर्यादा ठरवलेली आहे. हंगामाचं काम वन विभागासोबत आसपासच्या गावांतले लोक बघतात, त्यातून गावात रोजगार येतो.

मर्यादा का लागली, ते पठारावर उभं राहिलं की कळतं. खाली जांभ्या खडकाचा कातळ आणि वर मातीचा पातळसा थर. सीतेची आसवं, गेंद, तेरडा ही सगळी फुलं त्या थरात उगवतात. त्यातली बरीच रोपं आपल्या बोटापेक्षा उंच नसतात. फुलावर पाय पडला तर फक्त फूल जात नाही, पुढच्या वर्षीचं बीही जातं. टोपली कारवी तर सात वर्षांतून एकदा फुलते. तिचा एक बहर तुडवला, तर पुढच्या संधीपर्यंत तुमचं ग्रॅज्युएशन होऊन नोकरीही जुनी झालेली असेल. कासची व्यवस्था अगदी निर्दोष आहे असं नाही. गर्दीच्या रविवारी तिथल्या वाहतूक कोंडीच्या बातम्या दर हंगामात येतातच. पण तिथं गर्दी किती झाली, हे निदान आकड्यात सांगता येतं.

मसाई पठाराची जातकुळी हीच. पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेच्या वाटेवरचं हे पठार तुमच्यापैकी अनेकांनी चालून पार केलं असेल. कातळ तोच, मातीचा थर तसाच पातळ. त्यावर बाइक घालून गोल गोल फिरवलेलं रील पंधरा सेकंदांचं असतं, चाकोरी मात्र पुढचे कित्येक पावसाळे दिसते. जुलै २०२५ मध्ये पन्हाळगड जागतिक वारसा यादीत गेला. अभिमान आहेच. पण त्या यादीत नाव गेलं की माणसं वाढतात, हे कासनं आधीच दाखवून दिलंय. वाढणारी माणसं पन्हाळ्यावरच थांबतील आणि शेजारच्या मसाईवर जाणार नाहीत, असं कोण म्हणेल?

इथं एक सावधगिरी हवी. नुसता वर्षाचा आकडा फसवतो. समजा, एका धबधब्यावर जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत १ लाख लोक आले. दिवसाला सरासरी ८२० पडतात. ऐकायला काहीच वाटत नाही. पण त्यातले निम्मे जर १७ रविवारीच आले, तर एका रविवारी जवळपास ३००० माणसं होतात, आणि तीही बहुतेक अकरा ते चार या वेळेत. रस्ता, पार्किंग, स्वच्छतागृह आणि तो कठडा या सगळ्यांची गाठ सरासरीशी पडत नाही, रविवारच्या दुपारशी पडते. म्हणून 'यंदा विक्रमी पर्यटक आले' अशी बातमी वाचली की टाळ्या वाजवण्याआधी विचारा, कोणत्या दिवशी आले? किती वाजता आले?

'निसर्ग सगळ्यांचा आहे, मोजणारे तुम्ही कोण?' असा सूर निघतो, आणि त्यात तथ्यही आहे. मर्यादेच्या नावाखाली महागडं तिकीट लावून गरिबाला बाहेर ठेवणं चूकच. बंदी आली की पहिला फटका बसतो तो वाटेवर कणसं भाजणाऱ्या मावशीला आणि भज्यांच्या गाडीवाल्या काकांना. पण त्यांनाच विचारून बघा. रविवारी एकदम लोंढा आणि बुधवारी शुकशुकाट हवा, की आठवडाभर थोडं थोडं गिऱ्हाईक? गर्दी वाटली गेली तर त्यांचंही भलं, कातळावरच्या फुलांचंही. आणि ती वाटायची असेल, तर ती कधी, कुठं साचते ते माहीत हवं.

म्हणून या पावसाळ्यात तुमच्याकडून एक काम हवंय. यंत्र नको, निधी नको. एक वही आणि चार मित्रमैत्रिणी पुरतात. एनएसएसचं युनिट असेल, भूगोल किंवा संख्याशास्त्राचा विभाग असेल, तर प्रकल्प म्हणूनही चालेल. जवळचं एक ठिकाण निवडा. तिथं जाणारा रस्ता शक्यतो एकच असावा. रविवारी सकाळी ८ ते संध्याकाळी ६ बसा आणि दर अर्ध्या तासाला किती दुचाकी, किती चारचाकी, किती बस आत गेल्या ते लिहा. पन्नास-साठ गाड्यांतली माणसं मोजून प्रत्येक प्रकारच्या गाडीची सरासरी काढा आणि गुणाकार करा. हेच काम एखाद्या बुधवारी पुन्हा करा. एका पानाचा तक्ता होईल. तो ग्रामपंचायतीला द्या, वनपरिक्षेत्र कार्यालयाला द्या, तालुक्याच्या पोलिस ठाण्याला द्या. बंदोबस्त कधी लावायचा, पार्किंग कुठं करायचं, धोकादायक टोकावर माणूस किती वाजता उभा करायचा, हे त्या एका पानावरून ठरवता येईल.

आणि तोवर स्वतःपुरतं एवढं करा. सुट्टी रविवारीच असेल तर सकाळी सातला पोहोचा आणि अकराच्या आत खाली या. परीक्षा संपल्यानंतरची मधल्या वारची सुट्टी फिरण्यासाठी राखून ठेवा. लोकांनी भरलेला पूल किंवा कठडा दिसला तर 'आपण चौघंच तर आहोत' असं म्हणू नका, कारण तिथं उभा असलेला प्रत्येक जण हेच म्हणत आलेला असतो. गाडी डांबरावरच ठेवा. एखादी अनवट जागा सापडली तर रील जरूर टाका, पण लोकेशन टॅग करण्याआधी तिथं हजार माणसं आली तर काय होईल, याचा एक मिनिट विचार करा.

आपले धबधबे, पठारं, घाटवाटा बंद व्हाव्यात असं कुणालाच वाटत नाही. त्या बंद होऊ द्यायच्या नसतील, तर किती जण येतात याचा हिशेब कुणीतरी ठेवायला हवा. तो हिशेब तुमच्या वहीतून सुरू होऊ शकतो. या रविवारचा प्लॅन ठरला असेलच. जाताना पेन घेऊन जा.