परमुलूख पाहून आलेल्यांना कुणी विचारले?

आज दुपारपर्यंत सावरगाव घाटाकडे जाणारे रस्ते गाड्यांनी भरून जातील. संत भगवानबाबांच्या या जन्मगावी २०१७ पासून दसरा मेळावा भरतो आणि त्यामुळे वर्षातला एक दिवस तरी पाटोदा तालुका राज्यभराच्या बातम्यांत असतो. एरवी पाटोदा म्हटले की बाहेरच्या माणसाला छत्रपती संभाजीनगरजवळचे आदर्श गाव आठवते आणि ‘ते नव्हे, बीडचे’ असा खुलासा करत बसावे लागते. संध्याकाळी मेळावा उठेल, आपट्याची पाने वाटून होतील, थोरामोठ्यांच्या पाया पडून होईल आणि उद्यापासून घराघरांत निराळीच लगबग सुरू होईल. ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, तर पावसाळ्यातच घेऊन झालेली असते. आता पातेली, पोती, ताडपत्री, कोयत्यांना धार, आणि लेकराला बरोबर न्यायचे की आजीजवळ ठेवायचे हा दरवर्षीचा घोळ. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची गाडी वस्तीवर येऊन उभी राहते. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे जातात, कुणी पुणे-सोलापूरकडे, कुणी थेट कर्नाटकात बेळगाव-बागलकोटकडे. विचारले तर उत्तर ठरलेले: ‘कारखान्याला चाललोय.’

बाकीच्या महाराष्ट्रात सीमोल्लंघन आता सोहळ्यापुरते उरले आहे. वेशीपर्यंत जायचे, शमीची पूजा करायची, घरी परतायचे. बालाघाटाच्या या माथ्यावर मात्र ते दरसाल खरोखर घडते आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, पाच-सहा महिने चालते.

ऊसतोडीवर आजवर जे बोलले-लिहिले गेले ते बहुतेक सारे हालअपेष्टांविषयी आहे. त्यात खोटे काही नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. पहाटे फडात उतरायचे, तोडायचे, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या, आजारपणाने खाडा झाला तर दंड भरायचा. जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, चौकशी समिती नेमावी लागली. या दुःखाला कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. पण ज्या माणसाकडे आपण फक्त दुःखी म्हणून बघतो, त्याला चार गोष्टी आपल्यापेक्षा जास्त कळत असतील, हे आपल्या मनातही येईनासे होते.

वास्तविक या तालुक्यात सर्वांत जास्त मुलूख कुणी पाहिला असेल तर याच लोकांनी. गुरुजी, तलाठी, वकील, पत्रकार, आम्ही सगळे बदलीच्या नाहीतर लग्नाच्या निमित्ताने चार शहरे पाहिलेली माणसे. जन्मभर हंगाम केलेली बाई कृष्णाकाठ जाणते, पंचगंगेचा काठ जाणते, घटप्रभेचाही. उभ्या उसावरून ती मालकाची शेती ओळखते: खत कुठे वेळेवर पडले, पाणी कुठे तुंबले. पाण्याने आलेली श्रीमंती तिने पाहिली आहे आणि त्या श्रीमंतीचे दुसरे अंगही. पाणी वर्षानुवर्षे वारेमाप सोडल्याने सांगली-कोल्हापूरकडच्या कितीतरी जमिनी क्षारपड होऊन पांढऱ्या पडल्या. त्यांच्या बांधावरून तिने मोळ्या वाहिल्या आहेत. आपल्या गावात तळ्यात चार दिवस पाणी टिकले की लगेच उसाचा हट्ट धरणाऱ्या शेतकऱ्याला हे सांगायचे कुणी? कृषी खात्याच्या पत्रकापेक्षा ही बाई बरी सांगेल. मांजरा नदी ज्या तालुक्यात उगम पावते त्याच तालुक्यातल्या बाया उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. आणि त्याच बाया हंगामभर परक्यांच्या भरल्या पाटावर धुणे धुऊन आलेल्या असतात. पाणी असलेले आणि पाणी नसलेले असे दोन्ही संसार एकाच वर्षात करणारी माणसे राज्यात फार नसतील.

भाषेचेही तसेच. अथणी, चिकोडी, मुधोळ या भागांत हंगाम काढलेल्या माणसाच्या बोलण्यात पाण्याला नीरू, उसाला कब्बू, गुळाला बेल्ल असे शब्द सहज येऊन जातात. सीमाप्रश्नावर मुंबईत आणि बेंगळुरूत भाषणे होतात, मध्येच कुठेतरी एसटीला काळे फासले जाते. इकडे फडात मालक घरच्यांशी कानडी बोलतो, टोळीशी मराठी, आणि काट्यावरच्या वजनाबद्दल मालक आणि मजूर दोघेही सारखेच साशंक असतात. हा शेजार दोन्ही राज्यांच्या पाठ्यपुस्तकांत नाही.

याला लगेच ‘अनुभवाचे विद्यापीठ’ म्हणून टाळ्या वाजवण्याचीही गरज नाही. ज्यांना त्या विद्यापीठात जावे लागत नाही, तेच हा शब्द वापरतात. फडातल्या माणसाला कुणाला भेटायला, बसून बोलायला सवड कुठली? राहायच्या कोप्या गावाबाहेर. किराणा दुकानदार, कारखान्याचा चिटबॉय आणि ट्रॅक्टरचा ड्रायव्हर सोडले तर त्या गावाशी ओळख नाही. गाव त्यांना नावाने हाक मारत नाही, ‘बीडवाले’ एवढेच म्हणते. भेट म्हणायची ती ही अशी: एक बाजू दुसरीला निरखून बघते, दुसरी पहिलीकडे ढुंकूनही पाहत नाही. यात नुकसान एकट्या मजुराचे नाही. दुष्काळात जन्म काढलेली माणसे पिढ्यान्पिढ्या शिवारात येऊन राहतात आणि कमी पाण्यात घर, जनावर आणि शेत कसे निभवावे हे त्यांना एकदाही विचारावेसे वाटत नाही, हा बागायतदार मुलखाचा करंटेपणा आहे. पाऊस आता तिकडेही लहरी झाला आहे.

देशाटनाने चातुर्य येते, असे सांगणारी आर्या आपण शाळेत पाठ केलेली असते. तिच्यात देशाटनाच्या पाठोपाठ विद्वानांची मैत्री आणि सभेतला वावरही सांगितला आहे, याकडे मात्र आपले लक्ष जात नाही. यांतले पहिले आमच्या माणसांना गरजेपेक्षा जास्त मिळाले. दुसऱ्या-तिसऱ्याचा पत्ता नाही.

वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये घरातून निघाले, तेव्हा त्यांनाही ज्ञान मिळवायचे नव्हते, कर्ज फेडायचे होते. बायजाबाई शिंदे मथुरेत मोठा यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर मिळणार, अशी खबर होती. उचल न घेतलेला ऊसतोड कामगारच म्हणा ना! वाटेत बंड उसळले. झाशीचा वेढा त्यांनी शहरात राहून पाहिला, लुटले गेले, कसेबसे जीव वाचवून कोकणात परत आले. पुढे वीसहून अधिक वर्षे ही सारी हकिकत त्यांच्यापाशीच राहिली. चिंतामणराव वैद्यांनी ती लिहून मागितली, तेव्हा कुठे ती कागदावर उतरली आणि १९०७ मध्ये ‘माझा प्रवास’ म्हणून छापली गेली. वैद्यांनी विचारले नसते तर एका भिक्षुकाच्या आठवणी त्याच्याबरोबरच गेल्या असत्या आणि सत्तावनच्या बंडाचे मराठी डोळ्यांनी पाहिलेले चित्र आपल्याला मिळाले नसते. विष्णुभटांना लिहिता येत होते आणि विचारणारा वैद्यांसारखा होता. कोयत्याच्या वाट्याला यातले काही आले नाही. दर उन्हाळ्यात टोळ्या परततात, मुकादमाचा हिशेब होतो, किती फिटले आणि किती अंगावर राहिले एवढे गाव विचारते. काय पाहिलेत, हे कुणी विचारत नाही.

विचारणे ही दोन्ही बाजूंची गोष्ट आहे. रशियातल्या त्वेरचा व्यापारी अफनासी निकितिन १४६९ च्या सुमारास चौलला उतरला, पावसाळा जुन्नरला काढून पुढे बिदरला गेला. खोजा युसुफ खोरासानी असे नाव घेऊन तो वावरत होता. बिदरमध्ये त्याने ओळखीच्या हिंदूंना आपण ख्रिस्ती असल्याचे खरे सांगून टाकले. त्यानंतर त्यांनी खाण्यापिण्यातले, पूजाअर्चेतले काही माझ्यापासून लपवले नाही, असे त्याने नोंदवून ठेवले आहे. आधी आपण कोण ते सांगितले, मग समोरचा मोकळा झाला.

आमच्या जिल्ह्यात सध्या याच्या अगदी उलट चालले आहे. आडनाव कळले की माणूस मिटतो. गेल्या दोन-तीन वर्षांत निवडणुका, आरक्षणाचे आंदोलन आणि खुनाखुनीच्या बातम्या यांनी बीड जिल्हा इतका ढवळून निघाला की चहाची टपरीसुद्धा जात बघून निवडली जाऊ लागली. बागलकोटच्या अनोळखी घरासमोर उभे राहून मोडक्या कानडीत पाणी मागणारा माणूस गावी आल्यावर शेजाऱ्याशी बोलताना शब्द मोजतो. परमुलखाने त्याला जे शिकवले, ते गावाच्या वेशीवर उतरवून ठेवायला आपण त्याला भाग पाडतो.

आणि हा मुलूख तर फिरस्त्यांनी घडवलेला. गहिनीनाथगड आपल्याच तालुक्यात. परंपरेने गहिनीनाथ हे निवृत्तिनाथांचे गुरू, म्हणजे ज्ञानदेवांच्या घरात गेलेला हा वारसा एका भटक्या जोग्याचा आहे. शेजारच्या आष्टी तालुक्यात मच्छिंद्रनाथांचे मायंबा, डोंगर ओलांडला की पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथ. मढीच्या यात्रेला भटक्या-विमुक्त जमाती दुरून येतात, आणि मुसलमान भाविक त्याच स्थानाला शाह रमजान यांच्या नावाने मानत आले. त्या मढीच्या ग्रामसभेत २०२५ च्या यात्रेआधी मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकाने लावू न देण्याचा ठराव झाला. प्रशासनाने तो ग्राह्य धरला नाही हे ठीकच. पण नाथांच्या दारात तो मांडला गेला, ही गोष्ट मागे घेता येणारी नाही.

आमच्या आजोबांच्या पिढीला निराळेपणाचे एवढे वावडे नव्हते, निदान सवय होती. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो. मराठी, कानडी, तेलुगू बोलणारे लोक एका राज्यात, दरबारची भाषा उर्दू. जमिनीच्या भानगडीत जुना मुंतखब निघाला की आजही उर्दू वाचणारा शोधत फिरावे लागते. त्या संस्थानाच्या जुलमी कारभाराविरुद्धच्या लढ्याचे नेतृत्व मराठवाड्याने कुणाकडे दिले? विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीत जन्मलेल्या व्यंकटेश खेडगीकरांकडे, म्हणजे स्वामी रामानंद तीर्थांकडे. अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत त्यांनी मुले घडवली. ते कुठले, हे तेव्हा कुणाला आड आले नाही. (तो काळ सोन्याचा होता असे मात्र कुणी समजू नये. राजवट निजामाची होती आणि रझाकार विसरण्यासारखे नाहीत.)

राहिला प्रश्न लेकरांचा. आईबापांबरोबर कर्नाटकात गेलेल्या पोराला तिथल्या कानडी शाळेत बसता येत नाही आणि इथल्या शाळेत त्याची गैरहजेरी लागते. म्हणून शासनाने २०२१ मध्ये भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना आखली. ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे, पहिल्या टप्प्यातल्या तालुक्यांत पाटोदाही आहे. ही योजना नीट चालली पाहिजे, याविषयी दुमत नाही. लेकराच्या हातात कोयता येऊ नये, हे आधी. पण वसतिगृहात राहून शिकलेल्या मुलाला आपले आईबाप म्हणजे सहा महिने गायब होणारी, काळवंडून परतणारी माणसे एवढेच वाटू लागले, तर ते शिक्षण अर्धे आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा असतोच. उन्हाळी सुटीआधी मुलांनी त्यावर आपापल्या घरचा हंगाम खुणावून आणावा: कुठला कारखाना, कुठली नदी, तिथले लोक काय खातात, सण कुठला मोठा, पाण्याला काय म्हणतात. गुरुजींनी फक्त प्रश्न द्यावेत. उत्तरे देणारी माणसे घरोघरी आहेत. या गृहपाठाला खर्च नाही आणि त्यासाठी शासन निर्णयाचीही वाट बघावी लागत नाही.

मोठ्यांसाठीही सोय कायद्यातच आहे. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला आपली निम्मी गावे फडात असतात. त्या दिवशीचे ठराव मागे राहिलेल्यांचे असतात. १ मेपर्यंत मात्र टोळ्या परतलेल्या असतात. तालुक्यातल्या सरपंचांना आमची विनंती आहे की येत्या महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेत घरकुलाच्या यादीआधी एक विषय घ्यावा आणि परतलेल्यांना, विशेषतः बायांना, बोलू द्यावे. तिकडच्या गावात पाणी कसे वाटतात, शाळा कशी चालते, दूध कुठे घालतात, बचत गट काय करतो, आणि तिथले काय इथे मुळीच आणू नये, हेही. ग्रामसेवकांनी ते इतिवृत्तात लिहून घ्यावे. ज्या गावात हे होईल तिथल्या इतिवृत्ताची प्रत आमच्याकडे पाठवा. आम्ही ती छापू, बोलणाऱ्यांची संमती घेऊन, आणि पहिल्या पानावर.