जात्यापासून माइकपर्यंत

‘बायकांच्या गाण्या-बोलण्यावर अख्खा अंक?’ विषय ठरला तेव्हा एका स्नेह्यांनी विचारलं. हो, अख्खा. तोही अपुराच पडलाय.

आज कॅफेत माइकसमोर एखादी मुलगी स्वतःची कविता गिटारच्या साथीने म्हणते, तेव्हा हे नवंच काहीतरी आहे असं वाटतं. पण १९८३ मध्ये स्त्री मुक्ती संघटनेने ‘मुलगी झाली हो’ हे नाटक उभं केलं, ते गाण्यांच्याच बळावर. लेखिका ज्योती म्हापसेकर पेशाने ग्रंथपाल. भपकेबाज नेपथ्याची गरजच नव्हती. वस्तीतलं मोकळं अंगण पुरे. पुढे हजारो प्रयोग झाले. हुंड्यावरचं भाषण ऐकायला न थांबणारी माणसं गाण्याला थांबायची, यातच त्या नाटकाची हुशारी होती.

आणि त्याही आधी जातं होतंच; पहाटे दळताना बायका त्यावर ओव्या गायच्या. अभ्यासक हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. सासर, माहेर, जात, भूक, सगळं त्यात आहे. पहाटेच्या त्या मैफलीला तिकीट नव्हतं आणि बहुधा पुरुष श्रोताही नव्हता.

छापील पानावर चाल उतरत नाही, ही आमची अडचण. तेव्हा हा अंक जरा मोठ्यानेच वाचा. शेजारचे डोकावले, तर त्यांनाही बसवून घ्या.