खळबळ कोणाची?

मराठी वृत्तपत्रांत सर्वांत अधिक राबविला जाणारा शब्द कोणता, असें कोणी आम्हांस विचारल्यास ‘खळबळ’ हें उत्तर देण्यास आम्हांस क्षणभरहि थांबावें लागणार नाहीं. विहिरींत प्रेत सांपडलें, परिसरांत खळबळ. आमदारानें पक्ष सोडला, राजकीय वर्तुळांत खळबळ. नटनटीचा काडीमोड झाला, चित्रपटसृष्टींत खळबळ. शेअरांचे भाव उतरले, बाजारांत खळबळ. हे निरनिराळे बातमीदार एरवीं एकमेकांचीं पानें वाचीत नसतील; पण या एका पाणवठ्यावर सर्वांची गांठ पडते.

शब्द मूळचा मोठा गुणी आहे. ढवळलेल्या पाण्याचा नाद आणि त्याची हालचाल हीं दोन्ही त्यांत एकदम सांपडतात. घरांत भांडें खळबळून घेतात तें याच अर्थानें. पाण्यावरून तो माणसांच्या मनावर आला, ही भाषेची स्वाभाविक वाढ होय; तिला आमची हरकत नाहीं. २२ जून १८९७ च्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व आयर्स्ट यांजवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि पुण्यांत खळबळ उडाली, असें कोणी लिहिलें तर शब्द तेथें शोभतो. कारण ती कोणाची व कशाची, हें पुढच्याच वाक्यांत सांगतां येतें: प्लेगच्या घरझडत्यांनीं आधींच गांजलेलें शहर, खुन्यांचा शोध, शहराच्या माथीं मारलेला जादा पोलिसांचा खर्च, आणि महिनाभरानें टिळकांस झालेली अटक.

आजच्या खळबळीस धनीच नसतो. भीति म्हटली कीं कोण भ्याला हें सांगावें लागतें. संताप म्हटला कीं कोणाचा व कोणावर, हा प्रश्न उभा राहतो. खळबळ मात्र आपोआप ‘उडते’. शिमग्याचा धुरळा उडावयाला देखील कोणी तरी पाय आपटावे लागतात! ‘परिसर’ हा तर त्याहून सोयीचा, कारण परिसराची कोणी मुलाखत घेत नाहीं. शिवाय आमच्या आळींत खळबळ उडालीच नव्हती, असें पत्र कोणताहि वाचक संपादकांस धाडणार नाहीं.

मथळ्यांत जागा थोडी असते, हा बचाव आम्हीं ऐकला आहे. तो टिकत नाहीं. ‘भीति’ आणि ‘राग’ हे शब्द ‘खळबळ’ या शब्दाहून लहान आहेत.

सर्वच पानांवर हा दोष सारखा नाहीं, हें आम्ही कबूल करतों. बाजाराच्या पानावर शब्दाशेजारीं आंकडा असतो; निर्देशांक किती अंशांनीं उतरला हें वाचून वाचक आपली खळबळ आपणच मापून घेतो. राजकीय पानावर तो केवळ विनोदी होतो. दूरचित्रवाणीवर तर ‘खळबळजनक’ ही पाटी बातमी सांगण्यापूर्वींच झळकते; ती जाहिरात समजून सोडून द्यावी.

परंतु विहिरींतील प्रेत एका विवाहित मुलीचें असतें, तेव्हां हसून सोडून देतां येत नाहीं. लग्नानंतर सात वर्षांच्या आंत स्त्रीला अस्वाभाविक मृत्यु आला आणि मृत्यूपूर्वीं हुंड्यासाठीं तिचा छळ झाल्याचें दिसून आलें, तर तो हुंडाबळी मानावा, अशी तरतूद १९८६ सालीं दंडसंहितेंत आली, आणि २०२४ च्या जुलैपासून अंमलांत आलेल्या न्यायसंहितेंतहि ती आहे. म्हणजे ‘लग्न केव्हां झालें होतें?’ हा त्या बातमींतील पहिला प्रश्न. मुलगी केव्हांपासून बेपत्ता होती, माहेरच्यांनीं पूर्वीं तक्रार केली होती काय, पोलिसांनीं ती नोंदविली काय, हे त्यापुढचे. चार ओळींच्या बातमींत या सर्वांस जागा होऊं शकते. पण तिसरी ओळ ‘या घटनेनें परिसरांत एकच खळबळ उडाली आहे’ हिनें व्यापलेली असते, आणि चौथींत ‘अधिक तपास पोलीस करीत आहेत’. मेलेल्या मुलीचें दुःख बाजूस राहून शेजाऱ्यांचें कुतूहल हीच बातमी ठरते.

संपादकांनीं एक महिनाभर गुन्ह्यांच्या पानावर हा शब्द बंद ठेवून पाहावा. त्याच्या रिकाम्या जागीं बातमीदारास कांहीं तरी विचारून आणावें लागेल. सध्यां दुसऱ्या दिवशीं खळबळ दुसऱ्या तालुक्यांत गेलेली असते, आणि शवविच्छेदनांत काय निघालें हें छापण्यास पहिल्या तालुक्यांत कोणी मागें राहत नाहीं.