साडेतीनशे रुपयांचा ज्वालामुखी

काल रात्री नऊला कराडात एका स्टेशनरीच्या दुकानात उभा होतो. पुढं चार पालक. चौघांनाही तयार ज्वालामुखी हवा होता. थर्माकोलचा शंकू, वरून लाल रंग, साडेतीनशे रुपये. एका ताईंनी विचारलं, "नाव टाकून मिळेल का?" दुकानदारानं स्केचपेननं पोराचं नाव, इयत्ता, तुकडी सगळं घातलं. झाला भूगोलाचा प्रकल्प! पोरगं घरी झोपलेलं.

(सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात 2018 पासून बंदी आहे म्हणे. असो.)

माझा राग दुकानदारावर नाही, त्याचं पोट आहे. राग आहे तो असल्या विकतच्या वस्तूला "व्हेरी गुड" देणाऱ्या शाळांवर. बरं, तो शंकू आपल्याकडचा तरी आहे का? समोरचा आगाशिव बघा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबच लांब भेगांतून लाव्हा वर आला, थरावर थर पसरला, तोच हा काळा दगड. हे पोरांना कोण सांगणार?

आणि आपला प्रीतिसंगम! कृष्णा आणि कोयना, दोघी महाबळेश्वरच्या, इथं समोरासमोर येऊन भिडतात आणि पूर्वेला वळतात. एक जुनी परात घ्या. ओली माती थापा, बोटानं दोन नद्या काढा, पुढची वाट काढा आणि दोन्हीकडून तांब्यानं पाणी सोडा. दोन्ही तांबे एकदम ओतले की पाणी मधे तुंबतं, काठावर चढतं. 2019 च्या पुराचा अर्धा धडा तिथंच होतो. मग अर्ध्या उतारावर मोहरी पेरा, अर्धा उघडा ठेवा. आठ-दहा दिवसांनी झारीनं पाणी घाला. कुठल्या बाजूचं पाणी गढूळ येतं ते पोरगंच तुम्हाला सांगेल.

यात नवीन काय? दिवाळीच्या किल्ल्यात आपण हेच करायचो. आता किल्लासुद्धा प्लॅस्टरचा, रंगवलेला, विकत.

"वेळ कुठंय?" म्हणणाऱ्यांना काल रांगेत अर्धा तास होताच की. आणि गुरुजी, मार्क देखणेपणाला देऊ नका. "पाणी इकडंच का वळलं?" एवढं विचारा, उत्तराला मार्क द्या. वर्ग घाण होईल, तो पोरंच झाडतील.

फ्लॅटवाल्यांना माती मिळत नाही, ही तक्रार मात्र खरी. रविवारी सकाळी मित्राच्या ट्रॉलीतून आणतोय. फुकट आहे. पाटी घेऊन या, पोराला बरोबर आणा, आणि पाटी त्यालाच उचलू द्या.