विजेचा माग गडचिरोलीतून घ्या

मे महिना चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात तेंदूपत्त्याचा, आणि वळवाच्या गडगडाटाचाही. जुलैत रोवणीला बाया बांधीच्या चिखलात ओणव्या असतात, तेव्हा आसपास उंच असे काही असलेच तर ते धुऱ्यावरचे मोहाचे झाड, आणि पाऊस आला की सगळ्या त्याच झाडाखाली धावतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार वीज पडून देशात 2021 साली 2,880 आणि 2022 साली 2,887 माणसे दगावली. त्यामुळे इथे विजेचा विषय निघाला की तो पंचनामा, चार लाखांची मदत आणि विजेचा इशारा देणारे ‘दामिनी’ अ‍ॅप यांपाशी थांबतो, यात नवल नाही. तरीही गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाने विजेचा अभ्यास जमिनीपाशी न थांबवता ढगांच्या कितीतरी वर, थेट अवकाशापर्यंत न्यावा आणि त्यासाठी अतिनिम्न कंप्रतेच्या रेडिओ लहरी टिपणारे एक छोटे केंद्र उभारावे, असे माझे म्हणणे आहे.

वीज खाली पडते एवढेच आपल्याला दिसते. पण प्रत्येक कडकडाटाबरोबर रेडिओ लहरीही सुटतात. त्यांतल्या बहुतेक जमीन आणि आयनांबर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) यांच्या मधल्या पोकळीतून हजारो किलोमीटर पळतात; थोड्या आयनांबर ओलांडून पृथ्वीच्या चुंबकीय रेषांच्या वाटेने वर निघतात. त्या वाटेवर असतात वेगवान विद्युतभारित कणांचे प्रारण पट्टे. 1958 साली एक्सप्लोरर-1 या उपग्रहावरच्या उपकरणामुळे जेम्स व्हॅन ॲलन यांना त्यांचा सुगावा लागला. या पट्ट्यांतला इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषेभोवती गिरक्या घेत उत्तरेकडून दक्षिणेकडे आणि पुन्हा उत्तरेकडे ये-जा करतो; झोका टोकाला पोचला की परततो, तसा तो दोन्ही टोकांवरून परततो. सेकंदभरात अशा कित्येक फेऱ्या होतात. विजेची लहर भेटली की त्याच्या गिरकीचा कोन बदलतो, परतण्याची जागा खाली सरकते, आणि ती शंभरेक किलोमीटर उंचीपर्यंत उतरली की हवेचे रेणू त्याला परतू देत नाहीत. तो इलेक्ट्रॉन पट्ट्यातून कायमचा गेला. हा हिशेब निव्वळ पुस्तकी नाही. जुलै 1962 मध्ये अमेरिकेने प्रशांत महासागरावर अवकाशात अणुस्फोट केला. त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन पट्ट्यात अडकले आणि टेलस्टारसह अनेक उपग्रह त्यांनी निकामी केले. असे इलेक्ट्रॉन किती काळ टिकतात आणि कशाने गळतात, यावर उपग्रहांचे आयुष्य ठरते, आणि हवामानाचा अंदाज असो की मोबाइलवरचा नकाशा, तो उपग्रहांच्याच भरवशावर चालतो.

वीज कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन खाली पाडते, हे बऱ्याच काळापासून माहीत होते. पृथ्वीजवळच्या, आतल्या पट्ट्यातले अतिवेगवान इलेक्ट्रॉनही ती पाडते, हे ऑक्टोबर 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधाने दाखवले. त्याचे पहिले लेखक मॅक्स फाइनलँड हे काम करताना कोलोरॅडो विद्यापीठात पदवीचे शिक्षण घेत होते. त्यांनी नवा उपग्रह सोडला नाही. 1992 साली उडालेल्या आणि 2012 साली वातावरणात जळून गेलेल्या सॅम्पेक्स उपग्रहाच्या जुन्या नोंदी त्यांनी चाळल्या आणि 1996 ते 2006 या काळातल्या 45 घटना वेचून काढल्या. नोंदी खुल्या होत्या, पाठीशी एक जाणती मार्गदर्शक होती. गडचिरोलीच्या पोरांपाशी या दोहोंतली पहिली गोष्ट आजही आहे. दुसरीची सोय विद्यापीठाने करायची आहे.

यावर जाणकार एक रास्त आक्षेप घेतील. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. गडचिरोली त्याच्यापासून फार दूर नाही, त्यामुळे इथून निघणारी चुंबकीय रेषा तीन-चारशे किलोमीटर चढून पुन्हा खाली वळते. आतला पट्टा त्याहून बराच वर आहे. म्हणजे आपल्या डोक्यावर हा इलेक्ट्रॉनांचा पाऊस पडतच नाही. मग मोजायचे काय? माझ्या मते केंद्र इथे हवे ते नेमके यासाठीच. जिथे इलेक्ट्रॉन पडतात तिथे आयनांबराच्या खालच्या थरात झालेला बदल त्यांच्यामुळे, थेट विजेमुळे की सूर्यावरच्या ज्वाळेतून आलेल्या क्ष-किरणांमुळे, हे वेगळे काढणे जिकिरीचे असते. इथे त्यातले एक कारण आपोआप गळते. तिरुनेलवेलीजवळ विजयनारायणम येथे नौदलाचे 18.2 किलोहर्ट्झचे प्रक्षेपण केंद्र आहे. तिथून सुमारे 1300 किलोमीटरवर, गडचिरोलीत, त्या संदेशाची तीव्रता रात्रंदिवस टिपत राहिले की मधल्या आयनांबराची नाडी हाती लागते. तारेचे वेटोळे, एक प्रवर्धक, अचूक वेळेसाठी जीपीएस आणि संगणक, एवढ्यावर काम भागते. परदेशात शाळासुद्धा असे संच चालवतात.

आणि जागा शांत हवी. कुलाब्याच्या वेधशाळेने 1859 सालचे महाभयंकर सौर वादळ नोंदवले, पण मुंबईत विजेवरची ट्राम येणार म्हटल्यावर चुंबकीय मोजमापे अलिबागला हलवावी लागली. तिथली वेधशाळा 1904 पासूनची. त्याच न्यायाने हे केंद्र चंद्रपुरात शोभणार नाही. 2,920 मेगावॅटचे औष्णिक केंद्र आणि तिथून थेट पडघ्यापर्यंत गेलेली उच्चदाब वाहिनी यांच्या गुणगुणीत विजेची कुजबुज बुडून जाईल. भामरागड-एटापल्लीच्या जंगलात तारा विरळ आहेत. मागासपणाचा हा एक फायदा तरी पदरात पाडून घ्यावा!

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: जिथे पावसाळ्यात गावांचा संपर्क तुटतो, दवाखाना लांब आहे, तिथे हे कौतुक कशाला? दवाखाना आणि मोबाइलचा टॉवर आधी, यात वादच नाही. पण या केंद्राचा खर्च एखाद्या रस्त्याच्या डागडुजीइतकाही नाही, आणि त्याने कोणाचा टॉवर अडत नाही. ‘दामिनी’मागे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे देशभर पसरलेले संवेदकांचे जाळे आहे. ते उत्तमच आहे, पण नेटवर्क नसलेल्या गावात त्याचा इशारा पोचत नाही. रेडिओ केंद्रही तो पोचवणार नाही; तसा दावा कोणी करू नये. फरक पडेल तो माणसांत. तालुक्यातल्या महाविद्यालयात वर्षभर विजेच्या नोंदी वाचणारी, त्यांतले चढउतार समजणारी वीस-पंचवीस मुले तयार झाली, तर झाडाखाली उभे राहू नका हे गावाला गोंडी-माडियात सांगणारे कोणीतरी घरचेच असेल. मुंबईहून आलेल्या पत्रकापेक्षा त्याचे लोक ऐकतील.

भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालय नवी मुंबईत आहे आणि प्रयागराजच्या तिच्या प्रयोगशाळेत याच लहरींचा अभ्यास चालतो. म्हणजे मार्गदर्शकही देशाबाहेर शोधायला नको. गोंडवाना विद्यापीठाने या संस्थेशी सामंजस्य करार करावा, आणि येत्या तेंदू हंगामाच्या आत पहिला संच लावावा.