विश्लेषण : मुलांच्या वाढलेल्या प्लीहेचे निदान सोनोग्राफीवरच का थांबू नये?

पोटात डाव्या बाजूला, बरगड्यांखाली असलेली प्लीहा, म्हणजेच पाणथरी, रक्त गाळते आणि जंतूंशी लढते. ती वाढली की सोनोग्राफीत लगेच दिसते. का वाढली, हे मात्र चित्रावरून क्वचितच कळते. नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा, पेठ, कळवण या आदिवासी तालुक्यांतील मुलांच्या बाबतीत हा प्रश्न अनुत्तरित ठेवणे जिवावर बेतू शकते.

सिकलसेलशी संबंध काय?

या आजारात विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी प्लीहेत अडकतात. कधी काही तासांतच तिथे भरपूर रक्त साठते, प्लीहा फुगते आणि हिमोग्लोबिन झपाट्याने घसरते. वेळेत रक्त चढवले नाही, तर मूल दगावू शकते.

सोनोग्राफीत काय पाहतात?

या तपासणीत किरणोत्सर्ग नसतो, त्यामुळे ती पुन्हा पुन्हा करता येते. माप मात्र वयानुसार पाहावे लागते. चार वर्षांच्या मुलात प्लीहेची लांबी साधारण ९ सेंटिमीटरपर्यंत, तर पंधराव्या वर्षी १२ ते १३ सेंटिमीटरपर्यंत असू शकते. मोठ्यांचे माप लावले, तर लहानग्याची वाढलेली प्लीहाही ‘नॉर्मल’ ठरते. डॉप्लर तपासणीत यकृताकडे जाणाऱ्या शिरेतील अडथळा दिसतो. जागा सोडलेल्या ‘भटक्या’ प्लीहेला पीळ बसून रक्तपुरवठा तुटला असेल, तर तेही कळते.

पुढे कोणत्या चाचण्या?

सिकलसेलचे निदान हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या रक्तचाचण्यांनी पक्के होते. गॉशरसारख्या दुर्मीळ आजारासाठी एन्झाइमची चाचणी लागते. २०२१च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात त्याचा समावेश असून, मुंबईचे केईएम रुग्णालय हे त्यासाठीचे एक केंद्र आहे.

आता काय हवे?

१ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाने सिकलसेल निर्मूलनासाठी २०४७चे लक्ष्य ठेवले आहे. तोवर निदान दोन गोष्टी विनाविलंब करता येतील. मुलाच्या सोनोग्राफी अहवालात वयानुसार माप आणि ‘सिकलसेल चाचणी झाली का?’ हा रकाना सक्तीचा करावा. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याच्या निर्बंधांमुळे पोर्टेबल सोनोग्राफी यंत्र पाड्यापाड्यावर सहज नेता येत नाही. म्हणून सिकलसेलग्रस्त मुलांच्या आईवडिलांना प्लीहा हाताने चाचपायला शिकवावे. ती अचानक मोठी लागली आणि मूल पांढुरके, मलूल दिसले, तर अहवालाची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.