प्लॉट घेताय? आधी बहिणींच्या सह्या बघा

मैत्रिणींनो, कपाशीचा पैसा घरात आला की आपल्या पाचोऱ्यात दोनच विषय निघतात, सोनं आणि प्लॉट. हल्ली प्लॉटच जास्त. भिशीत कुणीतरी म्हणतंच, "घेऊन टाक गं, जमीन काय पळून जाते?"

जमीन पळत नाही, पण ती आपल्या नावावर कुठे झालेली असते? 'पर्ल्स' म्हणजे पीएसीएल कंपनीचं प्रकरण आठवतंय ना? जमिनीच्या नावाने देशभरातून हप्ते गोळा केले. 22 ऑगस्ट 2014 रोजी सेबीने 49,100 कोटी रुपये परत करायचा आदेश दिला आणि 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यासाठी न्या. लोढा समिती नेमावी लागली. भरणाऱ्यांपैकी कितींनी ती जमीन डोळ्यांनी पाहिली होती?

आपल्या गावाजवळचा प्लॉट निदान बघता तरी येतो. पण खुंट्या आणि चुन्याच्या रेघा म्हणजे लेआउट नव्हे. मंजूर नकाशा मागा. लेआउट 500 चौरस मीटरपेक्षा मोठा असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांकही मागा. शेतातून दोन-चार गुंठे काढून स्टॅम्पपेपरवर नोटरी करून देणारे भेटतात. "खरेदी नंतर लावू, भाऊ ओळखीचे आहेत," असं सांगतात. तुकडेबंदीचा कायदा 1947 पासूनचा आहे. जुने व्यवहार नियमित करायच्या सवलती मधूनमधून निघतात, पण त्यांच्या भरवशावर आज पैसे अडकवू नका. नोंदणी झालेलं खरेदीखत आणि त्यानंतर उताऱ्यावर लागलेलं नाव, एवढंच खरं.

आता ज्याकडे कुणी बघत नाही ते. विकणाऱ्याला बहिणी किती आहेत? उताऱ्यावर तिघा भावांचीच नावं दिसतात, म्हणून आपण निश्चिंत होतो. पण वडिलोपार्जित जमिनीत मुलीलाही मुलाइतकाच हक्क, हे 2005 च्या दुरुस्तीने ठरलं. वडील तेव्हा हयात नसले तरी तो हक्क जन्मानेच येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये सांगितलं. म्हणून जुने फेरफार काढा. वारसनोंद झाली तेव्हा बहिणींचं काय झालं ते वाचा. हक्कसोड असेल तर ती नोंदणीकृत आहे का बघा. नसेल तर खरेदीखतावर त्यांच्याही सह्या घ्या, नाहीतर पुढे कोर्टाच्या तारखा आहेतच. (आणि हो, माहेरी अक्षय्यतृतीयेला गेल्यावर असाच एखादा कागद आपल्यापुढेही येतो. तोही वाचूनच सही करायची.)

खरेदीखत कोणाच्या नावावर करायचं? पैसा तुमच्या भिशीचा, बचतीचा, मोडलेल्या पाटल्यांचा असेल तर तुमच्या. त्यात संकोच कसला! तयार घर किंवा फ्लॅट फक्त बाईच्या नावावर घेतला तर 2021 पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. नुसत्या प्लॉटला ती धरून चालू नका.

एक हिशेब मात्र टोकन देण्याआधीच करा. पोरीचं इंजिनिअरिंगचं अ‍ॅडमिशन दोन वर्षांवर आलं असेल तर ते पैसे प्लॉटमध्ये घालू नका, बँकेत ठेवा. मुदतठेव दुपारपर्यंत मोडून मिळते. प्लॉटला गिऱ्हाईक शोधावं लागतं आणि आपली नड त्याला कळली की तो भाव पाडूनच मागतो.